पगार दहाला, शब्बाथ दर शुक्रवारी

इथे इस्रायलमध्ये, अश्दोदला, आमचा पगार महिन्याच्या दहा तारखेला बँकेत पडतो आणि क्रेडिट कार्डाचं बिलही नेमकं दहालाच कापलं जातं, त्यामुळे पगार झाल्याचा आनंद करायला मिळतो तो सकाळचा चहा होईपर्यंतच. मग वीस तारखेला कित्सबात येलादिम येतो, म्हणजे मुलांमागे सरकार देतं तो भत्ता. तीन मुलांचे मिळून पाच-सहाशे शेकेल (इथलं चलन), ऐकायला बरे वाटतात, पण शाळा सुटल्यावर चार वाजेपर्यंत धाकटीला जिथे सांभाळतात तिथलेसुद्धा पुरते पैसे त्यात निघत नाहीत. अर्नोना म्हणजे आपली घरपट्टी, ती, पाणी आणि वीज अशी बिलं दोन-दोन महिन्यांनी येतात, म्हणजे एक महिना आपण श्रीमंत आणि पुढचा महिना गरीब असं वर्षभर चालू. आणि या सगळ्या तारखांमधून वाट काढत दर शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ येतो, आम्हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, तो काही कुणाच्या पगारासाठी थांबत नाही.

मी ठाण्याची. टेंभी नाक्याजवळची आमची मशीद, शार हशामाईम, 1879 सालची, तिच्या आवारात माझं लहानपण गेलं. (आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, आमच्या प्रार्थनास्थळाला, सिनेगॉगला, मशीदच म्हणतो, नवीन माणूस जरा दचकतो.) मूळ गाव अलिबाग तालुक्यात, आडनावाला अर्थातच मागे 'कर'. लग्न करून इथे आले. नवरा इथेच जन्मलेला, त्याची आई मात्र लहान असताना साठीच्या दशकात पेणहून थेट दिमोनाच्या वाळवंटात येऊन पडलेली. त्यामुळे घरात पैशाची गोष्ट निघाली की सासूबाई जुन्या लिरांत बोलतात, मी मनातल्या मनात रुपयांत गुणते, आणि मुलांना पैसा म्हणजे आईचा मोबाईल एवढंच माहिती, मशीनला लावला की झालं. रुपयांत गुणायची सवय तर आता मोडायलाच हवी, मी आले तेव्हा शेकेलला बारा-तेरा रुपये पडायचे, आता त्याच्या दुप्पट, टोमॅटो घेताना गुणाकार केला की टोमॅटो परत ठेवावेसे वाटतात.

ठाण्याच्या मैत्रिणी फोनवर हमखास विचारतात, अगं तुमचं ते कोशर वगैरे, म्हणजे खाण्यापिण्याचे ज्यू नियम, पाळायचे म्हणजे खर्च किती येत असेल ना. मला याचं उत्तर फोनवर नीट देता येत नाही म्हणून इथे लिहितेय. खरं सांगायचं तर ठाण्यात कोशर पाळताना आमच्या घराला कधी ते महाग पडल्याचं मला आठवत नाही. उलट आईचा अर्धा संसार त्या नियमांवर तरला. कोशर महाग पडायला लागलं ते इथे येऊन, जिथे झाडून सगळं कोशर मिळतं तिथे.

म्हणजे कसं, तर मटण-चिकन आणि दूध एकत्र चालत नाही, एका जेवणात नाही आणि एका भांड्यात तर नाहीच. आता याला कोकणात किती पैसे लागतात? शून्य. कारण नारळ. मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध, गोडाला नारळाचं दूध, सोलकढीला नारळाचं दूध, आणि नारळाचं दूध हे दूध नव्हेच, ते कशाबरोबरही चालतं. आमच्या पूर्वजांचं तारू म्हणे नवगावच्या किनाऱ्याला फुटलं आणि सात जोडपी वाचली. फुटायचं तर चांगल्या जागी फुटलं असं माझे आजोबा म्हणायचे, माडाच्या वाडीसमोर. तिथे त्यांनी तेलाच्या घाण्यावर पोट भरलं आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने नाव पाडलं शनवार तेली. आठवड्याचा एक दिवस कमाई बंद ठेवून पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचं भागलं त्या लोकांना काटकसर शिकवायला वेगळा मास्तर लागला नसणार.

मासळीचं पण तसंच. पर आणि खवले दोन्ही असतील तोच मासा चालतो, म्हणजे बांगडा, सुरमई, रावस, पापलेट चालतं, पण कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या, शेवंड यातलं काही घरात येत नाही. बाजारात कोळंबीचे वाटे ओलांडून पुढे जाताना आई म्हणायची, देवाने आपल्याला नेमकी महागाची मासळीच वर्ज्य केलीय, त्याला आपली काळजी आहे. पापलेटचं काय मग, असं विचारलं की तिला ऐकू यायचं नाही.

आणि मटण-चिकन? ते रोज खाण्याची सोयच नव्हती. कोंबडी हज्जानकडून, म्हणजे मशिदीत प्रार्थना चालवणाऱ्याकडून, शास्त्राप्रमाणे कापून घ्यायची, मग घरी आणून अर्धा तास पाण्यात, तासभर मीठ लावून जाळीवर निथळत, मग तीनदा धुवायची, एवढं सगळं नोकरी करणारी बाई आठवड्यातून किती वेळा करेल? एकदा, शब्बाथसाठी. उरलेले दिवस वरण-भात, भाजी, उसळ, बांगडा. बाहेरचं चिकन चालत नाही, बेकरीतल्या खारीत कसली चरबी असेल कोण जाणे म्हणून ती नाही, जिलेटीन असतं म्हणून ती गुलाबी मऊ गोळी नाही. आम्ही भावंडं काहीही मागितलं की आईकडे एक हुकमी उत्तर असायचं, आपल्याला चालत नाही. वाद संपला. त्यात गरिबी नव्हती, लाज नव्हती, शेजारची मुलं खातात आणि आपण खात नाही याचं उलट थोडं मिरवणंच होतं.

इथे माझ्याकडे ते उत्तरच नाही. सुपरमार्केटमध्ये जिथे बघाल तिथे रब्बीचा, म्हणजे ज्यू धर्मगुरूचा, कोशर असल्याचा शिक्का. चिकन कापलेलं, मीठ लावून धुतलेलं, फ्रोझन, ताजं, मसाला लावलेलं, ब्रेडक्रम्ब्ज लावून तळायला तयार. मार्शमेलो कोशर. बर्गर कोशर. सुशीसुद्धा कोशर, आता बोला. मुलगी चॉकलेटचं पाकीट उचलून आधी स्वतःच उलटं करून शिक्का बघते आणि मग माझ्यासमोर धरते, इम्मा (म्हणजे आई), चालतंय की हे. आता म्हणायचं काय? तर परवडत नाही. आणि "चालत नाही" हे मुलाला सांगणं जितकं सोपं तितकंच "परवडत नाही" सांगणं कठीण, कारण पहिल्यात नियम देवाचा असतो आणि दुसऱ्यात आईबापाचा पगार.

त्यात इथे परवडत नाही हे कुणी उघड मान्यच करत नाही. मीनूस नावाची एक गोष्ट आहे, म्हणजे बँकेतलं खातं शून्याच्या खाली. आपल्याकडे माणूस हे शेजाऱ्याला कळू देणार नाही, इथे लोक कॉफी पिताना सांगतात, आम्ही सध्या मीनूसमध्ये आहोत, जसं कुणी सांगावं आम्ही सध्या विरारला आहोत. आणि कॅश काउंटरवरची मुलगी सगळं सामान वाजवून झालं की मान वर न करता विचारते, कामा तश्लुमीम? किती हप्ते? फ्रीजचे नाही हो, कांदे-बटाटे आणि शॅम्पूचे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं हिने माझी परिस्थिती ओळखली. नंतर बघितलं, पुढच्या मर्सिडीजवाल्यालाही तेच विचारलं आणि त्याने तीन सांगितले.

मी एकच सांगते, एक हप्ता. खाल्लेल्या कांद्याचे पैसे पुढच्या महिन्यात देणं मला जमत नाही.

तर मी इथे काय करते. काही वस्तूंच्या किमती सरकारने बांधलेल्या आहेत, साधा ब्रेड, साधं दूध, अंडी, मीठ, आणि 'खाल्ला' नावाचा शुक्रवारचा साधा पावसुद्धा. या वस्तू दुकानात कधीच समोर नसतात, त्या खालच्या कप्प्यात, गुडघ्यावर बसल्याशिवाय दिसत नाहीत. साध्या दुधाऐवजी बरोब्बर डोळ्यासमोर काय ठेवलंय तर तेच दूध, पिशवीऐवजी बाटलीत, जीवनसत्त्व घातलेलं आणि जास्त भावाचं. दुसरं म्हणजे भाजी आणि फळं, त्यांच्यावर मआम म्हणजे इथला जीएसटी लागत नाही, बाकी सगळ्यावर तो 2025च्या जानेवारीत सतरावरून अठरा टक्के झाला. म्हणून आमच्या घरी आठवड्याचे चार दिवस वांगं, फ्लॉवर, मसूर, छोले असंच असतं, आणि वांगं इथलं इतकं छान की भरताला ठाण्याची आठवण येत नाही. शुक्रवारी दुपारी बाजार उठायच्या आधी भाव पडतात, पण तेव्हा जायचं तर घरचा स्वयंपाक कुणी करायचा, शब्बाथ लागायच्या आत गॅस बंद व्हायला हवा. मग नवऱ्याला पाठवते. तो पडलेल्या भावात दुप्पट आणतो, म्हणजे खर्च तेवढाच.

इथल्या महागाईचा एक किस्सा सगळ्यांना तोंडपाठ आहे. 2011च्या जूनमध्ये एका माणसाने फेसबुकवर ग्रुप काढला की कॉटेज चीज घेणं बंद करा. अडीचशे ग्रॅमचा डबा आठ शेकेलपर्यंत गेला होता आणि इथे कॉटेज चीज म्हणजे आपल्याकडे दही असतं तसं, सकाळच्या जेवणात लागतंच. लाखभर लोक सामील झाले, कंपन्यांनी खरंच भाव उतरवले, आणि त्याच उन्हाळ्यात तेल अवीवच्या रोथशिल्ड रस्त्यावर घरभाड्यासाठी तंबू पडले. मी तेव्हा नवीन होते, मोठा मुलगा पोटात होता, हिब्रू जेमतेम. टीव्हीवर लोक चीजच्या डब्यावरून रस्त्यावर उतरलेले बघून मला एकदम घरच्यासारखं वाटलं, आपल्याकडे कांद्यावरून सरकारं पडतात तसंच की हे! सासूबाईंना मात्र काही कौतुक नाही. त्या म्हणाल्या, चीज महाग झालं तर खाऊ नका, आम्हाला तर भात नव्हता.

ही त्यांची ठरलेली गोष्ट. देश नवीन असताना इथे रेशनिंग होतं, 1949 ते 1959, अंडी मोजून, मांस मोजून. त्या काळात तांदळाला पर्याय म्हणून पंतप्रधान बेन गुरियन यांच्या सांगण्यावरून एका कंपनीने कणकेचे तांदळाच्या आकाराचे दाणे काढले, प्तितिम, त्यांना लोक बेन गुरियनचा तांदूळ म्हणायचे. सासूबाई आल्या तोवर रेशन संपलेलं होतं पण दिमोनात कामगाराच्या घरी स्वस्त म्हणून प्तितिमच शिजायचे. पेणची मुलगी ती, ताटात भाताच्या जागी मैद्याचे दाणे, त्यावर आईने मिळेल त्याची आमटी ओतलेली. त्या अजून प्तितिम घरात आणू देत नाहीत. माझ्या मुलांना प्तितिम प्रचंड आवडतात, शाळेत मिळतात, आणि हे आजीला कळू न देण्याबद्दल आमच्यात अलिखित करार आहे.

पैशावरून माझं आणि नवऱ्याचं खरं भांडण मात्र तल्मुदवरून होतं, म्हणजे आमच्या जुन्या धर्मग्रंथावरून, गंमत नाही, खरंच. तल्मुदमध्ये एके ठिकाणी म्हटलंय की माणसाची वर्षाची मिळकत रोश हशाना म्हणजे आमच्या नववर्षापासून योम किप्पुरच्या उपासापर्यंतच्या दहा दिवसांत वर ठरते, पण त्यात तीन खर्च धरलेले नसतात, शब्बाथचा, सणांचा आणि मुलांच्या धर्मशिक्षणाचा. यावर जास्त खर्च केलात तर वरून जास्त येईल, कमी केलात तर कमी येईल. झालं, नवऱ्याला हे एक वाक्य मिळालंय. शुक्रवारी महागातला रावससारखा मासा आणला, वर दोन प्रकारची सलाड, वर बेकरीतून केक, आणि मी पावती हातात घेतली की तो म्हणणार, हे आपल्या खात्यातून नाहीये. मी त्याला सांगते, त्याच तल्मुदमध्ये रब्बी अकिवा म्हणतात की शब्बाथ साध्या दिवसासारखा कर पण लोकांपुढे हात पसरू नकोस. अकिवा स्वतः गरिबीतून वर आलेला माणूस, मेंढ्या राखायचा, बायकोच्या जिवावर शिकला. त्याला बाजारभाव माहिती असणार. नवऱ्याचं म्हणणं बँक म्हणजे लोक नव्हे. मी म्हणते मीनूस हाच हात पसरणं, फक्त हात दिसत नाही.

गेली कित्येक वर्षं चालू आहे हे. मधला मार्ग म्हणून शुक्रवारचा मासा मी आणते. फ्रोझन बांगडा, नाहीतर तिलापिया. धणे, मिरच्या, लसूण, कोकम, आणि नारळाचं दूध अर्धा डबा, बाकी अर्ध्या डब्याचं रविवारी काहीतरी. इथे नारळ म्हणजे चैन. ताजा नारळ दुकानात फणसासारखा एकटा बसलेला असतो आणि किंमत बघून त्याला तिथेच बसू द्यावंसं वाटतं, दुधाचे डबे थायलंडहून येतात. ज्या नारळामुळे आमचं कोशर फुकटात भागायचं तोच इथे सगळ्यात महाग पडावा याला काय म्हणायचं. त्यामानाने संत्री, गाजर, बटाटे, टोमॅटो स्वस्त होते, होते म्हणायचं कारण युद्ध सुरू झालं, शेतावरचे थाई मजूर परत गेले, मग 2024च्या मे महिन्यात तुर्कस्तानने व्यापार थांबवला आणि टोमॅटो जिथून यायचे ती वाटच बंद झाली. त्या उन्हाळ्यात मी रश्शाला कोकम वाढवलं. कोकम सुटकेसमधून येतं, ठाण्याहून कुणीही येणार असलं की किलोभर आमसुलं, कडवे वाल आणि मलिद्याचे पोहे ठरलेले. इथेही भारतीय दुकानं आहेत, दिमोनात, रामलेत, अश्दोदमध्येही, सगळं मिळतं, पण वालाचा भाव ऐकून मला अलिबागचा बाजार आठवतो आणि डोकं फिरतं. वाल मात्र लागतातच. तिशा बआवच्या उपासाला आमच्या जुन्या माणसांनी नावच बिरड्याचा रोजा ठेवलेलं, त्या सुमाराला मांसाहार बंद आणि बिरडं. जेरुसलेमचं देऊळ पडल्याचं दुःख आणि वर्षातला सगळ्यात स्वस्त आठवडा एकत्र येतो, हे बोलू नये पण आहे तसं.

सगळ्यात महाग महिना मात्र तिश्री, आमच्या पंचांगातला सप्टेंबर-ऑक्टोबरचा. एक सप्टेंबरला शाळा सुरू, पुस्तकं, दप्तरं, शाळेची वर्षाची फी जिला फी म्हणत नाहीत, पालकांची वर्गणी म्हणतात, आणि जुलै-ऑगस्टच्या सुट्टीतल्या शिबिरांनी आधीच कंबर मोडलेली. तेवढ्यात रोश हशाना, योम किप्पुर, सुक्कोत, सिम्हात तोरा, एकापाठोपाठ. शाळा सुरू होऊन लगेच बंद. मुलं घरात, पाहुणे घरात, आणि कामावरून मिळालेलं गिफ्ट कार्ड हीच काय ती दिवाळी. त्या कार्डावर मी आमच्याकडे कडक कायदा केलाय, त्यातून फक्त खाण्याचं सामान येईल, एअर फ्रायर नाही.

या महिन्यात चिकाचा हलवा करावाच लागतो. रोश हशानाला तो नसेल तर वर्ष सुरू झालं असं आमच्यात कुणी धरत नाही. खरी पद्धत म्हणजे गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, पंचातून पिळून, ते पांढरं पाणी रात्रभर ठेवायचं, सकाळी वरचं पाणी अलगद ओतून दिलं की तळाशी चीक राहतो, जाड, थंड, बोटाला चिकटणारा. त्यात नारळाचं दूध आणि साखर घालून मोठ्या पातेल्यात ढवळायला घ्यायचं. पहिला अर्धा तास काहीच होत नाही, नुसतं पाणी फिरवतोय असं वाटतं, मग एकदम तळातून ओढ लागते, उलथनं जड होतं, आणि तिथून पुढे हात थांबवला की लागलंच. आमच्याकडे तेव्हा सगळ्यांच्या पाळ्या लागतात, मोठा मुलगा जिमला जातो म्हणून शेवटची पाळी त्याची. वेलची, जायफळ, गुलाबी रंग, ताटात ओतून वर बदामाचे काप, आणि गार झालं की शंकरपाळ्यासारखे काप पाडायचे. सासूबाई हल्ली म्हणतात कॉर्नफ्लॉवर घे, चायना ग्रास घे, तासाभरात होतं, आणि नारळाचे डबेही कमी लागतात. खरंय. पण गव्हाला काय पैसे पडतात, जातो तो वेळ, आणि मुलांना सुट्टी असते. एका ताटात बरोब्बर तीन शेजाऱ्यांच्या डिशा निघतात. मोरोक्कन शेजारीण बदल्यात मुफलेता, म्हणजे पातळ पोळ्या, पाठवते, ती पेसाह संपल्यावर, म्हणजे सहा महिन्यांनी, पण पाठवते.

वाईनची गंमत तर वेगळीच. कोकणात कोशर वाईन कुठून आणणार, म्हणून आमच्या लोकांनी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून शरबत करायला घेतलं आणि त्यावरच शुक्रवारी किद्दुश, म्हणजे पेला हातात घेऊन म्हणायची शब्बाथची प्रार्थना, म्हणायचे. गरिबाची सोय. आता इथे पेसाहच्या आधी द्राक्षरसाच्या बाटल्या सेलमध्ये इतक्या स्वस्त मिळतात की त्या भावात पेलाभर मनुका येत नाहीत. म्हणजे वाईन झाली काटकसर आणि मनुकांचं शरबत झालं चैन. तरी सणाला सासूबाईंना शरबतच हवं. मी करते. हा खर्च मी नवऱ्याच्या त्या वरच्या खात्यात टाकते.

मोठ्याच्या बार मित्स्वाच्या, म्हणजे मुलगा तेरा वर्षांचा झाल्याच्या समारंभाच्या वेळी आमच्या सगळ्या हिशोबांची परीक्षा झाली. इथे हॉल घ्यायचा, दर माणशी ताटाचा भाव ठरवायचा, डीजे, फोटोवाला, आणि दाराशी एक लोखंडी पेटी असते, पाहुणे त्यात पाकीट टाकतात, आपला आहेरच तो, फक्त हिशोब आधीच झालेला असतो की निदान आपल्या ताटाचे पैसे तरी पाकिटात असावेत. नवऱ्याचे मित्र सांगत होते, घाबरू नकोस, पेटी खर्च भरून काढते. मला ते ऐकूनच कसंतरी झालं, पोराच्या बार मित्स्वाला लोकांकडून वर्गणी काढल्यासारखं. माझ्या भावाचं ठाण्याला झालं तेव्हा मशिदीत प्रार्थना, मग मलिदा, मग जेवण, संपलं. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, वर फळं, आणि एलियाहू हनाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं, नाव घेऊन केलेली प्रार्थना. नोकरी लागली, परीक्षा पास झाला, ऑपरेशन नीट झालं, लग्न ठरलं, कशालाही मलिदा. शंभर माणसांचा मलिदा करायला दोन बायका आणि एक सकाळ पुरते.

मुलगा आधी रुसला, वर्गातल्या सगळ्यांचे हॉलमध्ये झालेले. मग तडजोड अशी निघाली, मशिदीच्या हॉलमध्ये मलिदा आणि चिकन पुलाव, नातेवाईक, अश्दोदमधली आमची माणसं, आणि वर्गातल्या पोरांना वेगळ्या दिवशी समुद्रावर पिझ्झा. पिझ्झाचं बिल बघून नवरा गप्प झाला. मशिदीतल्या मलिद्याला वर्गातली दोन मुलं आलीच आणि त्यातल्या एकाने पोह्यांच्या तीन डिशा खाल्ल्या, त्याची आई मला अजून रेसिपी विचारते.

आता पेसाह आलाय, खमीर धरलेलं धान्य वर्ज्य असण्याचा सण. हा आठ दिवसांचा नाही, इथे सातच, भारतात आठ, तेवढीच एका दिवसाची बचत. भांडी वेगळी, ती माळ्यावरून काढायची, एकदाच घेतलेली असतात म्हणून त्यांचा खर्च धरत नाही. लोक या दिवसांत सरळ प्लास्टिकच्या ताटल्या वापरतात. 2021च्या नोव्हेंबरात सरकारने त्यांच्यावर कर लावला तेव्हा मोठ्या कुटुंबांत केवढी ओरड झाली, 2023च्या सुरुवातीला काढून टाकला. मला प्लास्टिकमध्ये आमटी वाढता येत नाही म्हणून मी या सगळ्यातून बाहेर होते. पण आमचा खरा फायदा तांदळाचा. अश्केनाझी, म्हणजे मूळचे युरोपातले ज्यू शेजारी पेसाहमध्ये तांदूळ खात नाहीत, कडधान्य नाही, आठवडाभर बटाटा आणि मात्सा म्हणजे बिनखमिराची कडक पोळी, मात्साचं पीठ, मात्साचा केक, आणि त्या सगळ्याचे सणातले भाव. आम्ही भात खातो. पोरं मात्सा चॉकलेट लावून खातात, भूक लागली की आमटीभात.

फक्त तांदूळ तीनदा निवडावा लागतो, गव्हाचा एक दाणा चुकून राहायला नको. टेबलावर पांढरी चादर, ताटात मूठ-मूठ घ्यायची, बोटांनी पलीकडे सारायची, मग परत, मग परत. हे काम धाकटीचं, डोळे तिचे चांगले. गेल्या वर्षी दुसऱ्या फेरीला तिने विचारलं, इम्मा, निवडलेला तांदूळ दुकानात मिळत नाही का. मिळतो, पेसाहचा शिक्का मारलेला, पण किलोला तीन शेकेल जास्त आहेत. ती थोडा वेळ गप्प निवडत राहिली. मग म्हणाली, मग ते तीन शेकेल माझे. बरोबर होतं तिचं, दिले. यंदा पाच मागतेय.